देवकात बसलेली बाटली

मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस पनवेलला चहा पितो आणि पुढे जातो. गोव्याकडे जाणारा पनवेलला चहा पितो आणि पळस्प्याला उजवीकडे वळतो. पिशवी उचलून स्टँडबाहेर पडणारा, म्हणजे पनवेललाच आलेला प्रवासी क्वचित दिसतो. गेल्या माघात मी तसा उतरलो. आमच्या छापखान्यात खिळे जुळवणारा मुख्य जुळारी काशिनाथ घरत याच्या धाकट्या भावाचे, पांडूचे लग्न होते. पनवेलच्या खाडीकाठी त्यांचे गाव आहे. काशिनाथ आदल्या दिवशीच पुढे गेला होता आणि बैलगाडी घेऊन स्टँडवर उभा होता.

सामान थोडे होते: दोन जोडी कपडे, आहेराचे पातळ, ईसबगोलची पुडी आणि औषधाची एक बाटली. या बाटलीबद्दल आधी सांगणे भाग आहे.

दुखणे चारचौघांत सांगायचे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. पोट साफ होत नाही. तीन-तीन, चार-चार दिवस होत नाही. पोट फुगते, डाव्या अंगाला कळ येते आणि माणूस खुर्चीत दुमडतो. क्ष-किरणांचा फोटो काढून झाला, त्यात काही सापडले नाही. शेवटी गिरगावातल्या एका डॉक्टरांनी सांगितले, "आतडे धड आहे. त्याची चाल बिघडली आहे, मधेच आखडते. हे आतडे हट्टी आहे. त्याला रोज समजवायचे, बडवायचे नाही." त्यांनी दोन्ही जेवणांआधी घ्यायचे पांढरे मिक्श्चर दिले आणि रात्री पाण्यातून ईसबगोल. बरोबर तीन ताकिदी दिल्या. खंड पाडायचा नाही. बरे वाटले म्हणून बंद करायचे नाही. जुलाबाच्या गोळ्यांना हात लावायचा नाही.

याच सुमारास कचेरीने मला दिल्लीच्या जागेसाठी विचारले होते. मागल्या हिवाळ्यात तीच जागा दुखण्यापायी हुकली होती. डॉक्टर म्हणाले, "महिनाअखेरीस या. तोवर औषधात खंड नाही आणि मोठी कळ नाही, असे झाले तर जा म्हणेन. नाहीतर इथेच बसा." लग्नाला मी याच अटीवर निघालो होतो.

खाडीकाठ

पनवेलच्या बाजारात तांदळाची पोती, मिठाचे ढीग आणि बैलगाडीची नवी चाके एकमेकांना खेटून असतात. चाकांवर रंग चढवण्याचे काम रस्त्यावरच चालते. आमच्या बैलाने जाता जाता एका ओल्या चाकाला शेपूट लावले आणि गावापर्यंत तांबडे शेपूट मिरवले. बाजार संपला की मिठागरे लागतात. कापणी झालेली शेते, त्यापलीकडे पाण्याचे चौकोन, त्यापलीकडे खाडी. वारा खारा असतो आणि ओठांवर कळतो.

काशिनाथच्या आईला सगळे गाव आये म्हणते. पाय धुवायला पाणी देतानाच तिने विचारले,

"पोट साफ हाय ना?"

काशिनाथने माझे दुखणे घरी आधीच कळवले होते. अंगणात मांडव घालणारी सात-आठ माणसे उत्तरासाठी थांबली. गिरगावात हा प्रश्न डॉक्टर विचारतात, आणि तेही दार लावून.

"औषध चालू आहे," मी म्हणालो.

"पथ्य काय हाय?"

"पथ्य काही नाही."

आयेने काशिनाथकडे पाहिले. "पथ्य नाय, मंग औषद कसला रं त्यो? डाक्टरला फी कशाची दिली?"

तिने जागच्या जागी निर्णय घेतला. वांगे बंद. त्यानंतर त्या घरात रोज सुकट-वांगे शिजले, रोज मला वाढायच्या आधी वाटीतली वांगी निवडून काढली गेली, आणि रोज पांडू ती आपल्या पानात घेऊन म्हणाला, "पाव्हनं, तुमचं पथ्य लय गोड लागतं."

त्या संध्याकाळी शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मीठ. मडके उपडे घालून वर पेंढा पेटवायचा. मडक्यावर पाणी शिंपडतात आणि ते क्षणात उडाले की पोपटी झाली असे ठरते. शेंगा बोटे भाजत खायच्या असतात. मुंबईत वाल मोड काढून, सोलून, नारळ घालून ताटात येतो. इथे तो शेंगेसकट हातात येतो आणि वाट पाहायला लावत नाही.

जेवणाआधी मी बाटली हलवून मिक्श्चर घेतले. आये बारकाईने पाहत होती. म्हणाली, "पोरं मांडवात धुडगूस घालतान. फोडतील कवातरी. मना दे, मी जपून ठेवते."

मी बाटली दिली. घरात जपून ठेवायची वस्तू कोठे ठेवतात, हे विचारले नाही.

सकाळी पुरुषमंडळी तांबे घेऊन खाडीच्या बांधाकडे निघाली. पाहुण्याने मागे राहणे वाईट दिसते, म्हणून मीही गेलो. चाळीत सकाळी संडासापाशी रांग असते, हातात बादली असते आणि कोणी कोणाशी बोलत नाही, फक्त खोकतात. इथे ज्याने त्याने आपले झुडूप धरले आणि झुडपांतून गप्पा सुरू झाल्या. मिठाचा भाव, नवरीकडचे मानपान, कोणाच्या होडीला भोक पडले. एकेक जण उठून बांधावर जमला. मी उठलो तेव्हा सगळे माझ्यासाठी थांबून उभे होते.

"झाला का?" काशिनाथच्या चुलत्याने विचारले.

"झालं."

"झाला का नुसता बोलताव?"

"थोडं झालं."

"थोडा तं थोडा," चुलते गंभीरपणे म्हणाले, आणि मिरवणूक परत निघाली. थोड्या वेळाने विहिरीवरच्या बायकांनाही ते थोडे कळले होते.

देवक

त्या दिवशी देव बसायचे होते. त्या बाजूच्या लग्नात भटजी असला तरी मान धवलारणीचा. ही बाई धवले गाते, म्हणजे लग्नातल्या प्रत्येक कृत्याचे गाणे. तांदूळ धुवायचे तर त्याचे गाणे, हळद लावायची तर तिचे. तिने तोंड उघडल्याशिवाय काही सुरू होत नाही आणि तिने मिटल्याशिवाय संपत नाही. इथल्या धवलारणीचे नाव हिराबाय. अंगाने किडकिडीत, आवाजाने अवाढव्य. तिने एकेका देवाचे नाव घेऊन त्याला लग्नाला बोलावले: गणपती, गावदेवी, वेशीवरचा, खाडीतला, घराण्यातले गेलेले. माजघराच्या कोपऱ्यात तांदळाची रास, त्यावर कलश, शेजारी आंब्याची डहाळी. बायकांनी सगळ्याला हळदकुंकू वाहिले. मी हे बाहेरून ऐकले. आत बायकांची गर्दी होती.

जेवणाची पाने मांडली तेव्हा मी बाटली मागितली.

आये आत गेली आणि तशीच बाहेर आली. तिने तोंडावर हात ठेवला होता.

"आगं बाय! ती तं देवात बसली!"

मी दारातून पाहिले. घरातली जपायची वस्तू देवाच्या कोपऱ्यातल्या कोनाड्यात ठेवतात. बाटली तिथे होती. कोपऱ्यात जे दिसेल त्याला कुंकू लावण्याच्या ओघात बायकांनी तिलाही लावले होते. बुचावर हळद होती, काचेवर कुंकवाची दोन बोटे, आणि मानेशी झेंडूचे फूल. वरचे पाणी निवळले होते आणि औषधाचा साका खाली शांत बसला होता.

बसलेल्या देवकातली वस्तू लग्न पार पडेपर्यंत जागची हलवत नाहीत. हलली तर संसार हलतो, असे मानतात. लग्न दुसऱ्या दिवशी, आणि देव उठायचे त्याच्या पुढच्या सकाळी.

काशिनाथ म्हणाला, "आये, ती बाटली आहे. देव नाही. मी आणतो."

"तू मुंबईला खिले जुलवतंस ते जुलव," आये म्हणाली. "माझ्या पांडूच्या देवाला हात लावलास तं बघ."

तिचे डोळे भरले होते. एकीकडे मुलाचा संसार, दुसरीकडे पाहुण्याचे पोट. मी सांगितले की घाई नाही, पनवेलला जाऊन दुसरे औषध आणतो. घाई होती. पण ते लग्नाचे घर होते.

पुन्हा पनवेल

काशिनाथ गाडी घेऊन बरोबर आला. दवाखान्यात डॉक्टर नव्हते. ते एका गावी बाळंतपणाला गेले होते. कंपाउंडर सज्जन होता.

"मिक्श्चर? कोणतं?"

"पोटाचं."

"पोटाचं आमच्याकडे गुलाबी आहे."

"माझं पांढरं होतं."

"पांढरंही आहे. पण तुमच्या डॉक्टरांच्या पांढऱ्यात काय आहे, ते त्यांनाच ठाऊक. चिठ्ठी आहे?"

चिठ्ठी नव्हती. गिरगावातले डॉक्टर औषध स्वतःच्याच दवाखान्यात बनवून देतात. कंपाउंडर म्हणाला, "मग अंदाजाने नको," आणि ते त्याने योग्यच केले.

बाजारात काष्ठौषधींचे दुकान होते. दुकानदाराने तक्रार ऐकून घेतली, मान डोलावली आणि एका डबीतून काळ्या गोळ्या काढल्या. वासावरून काही कळले नाही, पण काशिनाथने कानात नाव सांगितले: जमालगोटा, म्हणजे जालीम जुलाब.

"रात्री एक," दुकानदार म्हणाला. "सकाळी तांब्या शोधायला वेळ मिळायचा नाही."

"डॉक्टरांनी जुलाबाला मनाई केली आहे."

"डॉक्टर रोज औषध देतो. मी एकदाच देतो. फरक तुम्हीच बघा."

काशिनाथला हे म्हणणे पटलेले दिसले. मलाही त्या क्षणी अगदीच टाकाऊ वाटले नाही. दुपारचा डोस चुकला होता आणि पोट ताठ होऊ लागले होते. पण असा प्रयोग मी पूर्वी करून पाहिलेला आहे. पहिल्या दिवशी मोकळे वाटते आणि नंतरचा आठवडा डाव्या कुशीवर जातो. मी फक्त ईसबगोल मागितला, बरोबरची पुडी संपत आली होती. लहान पुड्या संपल्या होत्या, म्हणून घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढा मोठा पुडा घ्यावा लागला. दुकानदाराने तो बांधताना विचारले, "लग्नाच्या पंगतीत वाढणार आहात का?"

परतीच्या वाटेवर कळ आली. मोठी नव्हती, पण ओळखीची होती. बैलगाडीच्या प्रत्येक हिसक्याला ती पुढे सरकत होती. काशिनाथ गाडीवानाला सावकाश हाक म्हणाला, गाडीवान म्हणाला सावकाशच हाकतोय, आणि बैलाने दोघांकडे लक्ष दिले नाही.

हिराबायचा निवाडा

आम्ही पोचलो तेव्हा हिराबाय संध्याकाळच्या हळदीचे धवले गात होती. आयेने प्रकरण तिच्यापुढे ठेवले. मांडवातली माणसे भोवती जमली. हळदीने पिवळा झालेला पांडूही पाट सोडून आला.

"दादूस, देव पिऊ नका," तो मला म्हणाला. "पोटात गेला तं माझं लगीन तुमच्या पोटात लागंल."

"तू गप," हिराबाय म्हणाली. "अंगाला हलद लागली की मानूस मुका असतो." मग माझ्याकडे वळून, "बाटलीत काय हाय?"

"औषध."

"तोंडानी घेताव का अंगाला लावताव?"

"तोंडाने."

"किती येला?"

"दोन वेळा. जेवणाआधी."

"आन नाय घेतला तं?"

मी दिल्लीचे सांगितले नाही. "आजच्यासारखं होतं," म्हणालो. मी खांबाला टेकून, एक हात पोटावर दाबून उभा होतो. ते तिला दिसत होते.

हिराबाय विचार करू लागली. तिने तंबाखू मळली, तोंडात टाकली.

"देव कोन?" ती म्हणाली. "ज्याला मी नाव घेऊन बोलवला त्यो. मी बाटलीला बोलवला का? नाय बोलवला. ती आपली आपन येऊन बसली. मंग ती देव नाय."

"पन कुकू लागलाय," आये म्हणाली.

"कुकू निवेदाला पन लागतो. देवाच्या म्होरं ठेवलेली खायाची जिन्नस ती काय असते? निवेद. आन निवेद देव खातो का? देवाला दावायचा आन मानसानी खायाचा." ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "पन जागा सोडायची नाय. बाटली तितंच ऱ्हाईल. तुमी तिच्याकडं जायाचा. आन मी गाल्याबिगर घ्यायाचा नाय."

मला माजघरात नेऊन पाटावर बसवले. हिराबायने तिथल्या तिथे रचून धवला म्हटला. बायकांनी तो उचलला:

"पयला मान गनपतीचा गो,
दुसरा मान गावदेवीचा गो,
तिसरा मान पाव्हन्याचा,
त्याचं पोट मोकलं होऊ दे गो."

आयेने स्वतः बाटली जागच्या जागी कलती केली. औषध हलवून घ्यायचे असते हे मी सांगितले, तेव्हा ती बुडाला हात धरून, जागा न सोडता, बाळाला जोजवावे तशी डुलवू लागली. मी घोट घेतला. कडू, खडूसारखा, नेहमीसारखा.

मान वर केली तर समोर तळहात पसरलेले होते. दहा-बारा. निवेद झाला म्हणजे प्रसाद झाला, आणि प्रसाद एकट्याने खात नाहीत. चुलते सर्वांत पुढे होते.

बाटलीत मुंबईला परत जाईपर्यंतचेच औषध होते. शिवाय ते दुसऱ्या कोणासाठी बनवलेले नव्हते. हे मी म्हणालो, पण प्रसादाला नाही म्हणणारा माणूस त्यांनी पाहिलेला नसावा. हात तसेच राहिले. काशिनाथनेच वाट काढली. त्याने गाडीतून ईसबगोलचा पुडा आणला, कोपऱ्यापुढे ठेवला, हिराबायला विचारले, "हा चालेल?" तिने कुंकू लावले. आयेने गुळाचे पाणी केले, त्यात तो घातला आणि सगळ्यांना वाटीवाटी दिला. चुलत्यांनी दोनदा घेतला.

कळ उतरायला जेवण होईपर्यंत वेळ लागला. पण ती वाढली नाही.

सकाळी बांधावर नेहमीची मंडळी गेली. मी उठून बांधावर आलो तेव्हा तिथे कोणी नव्हते. झुडपांतून आवाज येत होते, पण गप्पा नव्हत्या. बऱ्याच वेळाने चुलते आले आणि मला उभा पाहून थबकले.

"आज तुमी आमची वाट बघताव," ते म्हणाले.

"झालं का?" मी विचारले.

"लय," चुलते म्हणाले. एवढे समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिले नाही.

लग्न

लग्नाचे वर्णन इतरत्र वाचायला मिळते. मी फक्त वेगळे तेवढे लिहितो. दोन्ही जेवणांआधी हिराबायला बोलावले गेले आणि दोन्ही वेळा ती आली. वरात दाराशी असताना दुपारच्या डोसची वेळ झाली; तिने नवरा-नवरीला उंबऱ्यावर थांबवले, आत येऊन माझा धवला म्हटला, मला औषध पाजले आणि मग बाहेर जाऊन त्यांचा म्हटला. नवरी मुंडावळ्यांआडून हसत होती. पुढे ही कथा ती माहेरी कशी सांगेल, याची मला कल्पना आहे. मुंबईत डोसची आठवण ठेवणारा मी एकटा असतो आणि ऐन कामात विसरतो. त्या घरात विसरणे शक्यच नव्हते. शंभर माणसे पानावर बसून माझ्या घोटाची वाट पाहत होती.

दुसऱ्या सकाळी देव उठले. हिराबायने ज्या क्रमाने बोलावले होते त्याच्या उलट क्रमाने एकेकाला निरोप दिला: घराण्यातले, खाडीतला, वेशीवरचा, गावदेवी, गणपती. रास मोडली, कलश उतरला. कोनाड्यातली बाटली आयेने पदराने पुसून माझ्या हातात दिली.

"गुन आयला ना?" तिने विचारले.

"आला."

"मंग आता बंद. गुन आयला की औषद थांबवायचा."

ही आपल्याकडची रीत आहे. गिरगावात काय आणि खाडीकाठी काय. मी सांगितले की डॉक्टर थांबवू देत नाहीत. ही बाटली संपली की दुसरी भरायची. आयेने तोंड पाडले. तिला वाटले, म्हणजे गुण खरा नाही.

हिराबाय शिध्याचे तांदूळ पदरात बांधत होती. तिने मान वर न करता म्हटले, "आवो आये, तुमच्या पांडूचे देव उठले, कारन त्याचं लगीन लागला. ह्याचा अजून लागायचा हाय. मधीच देव उठवतान का?"

"मंग कवा उठवायचा?"

"त्याचा डाक्टर गाईल तवा."

आयेला हे पटले. तिने बाटलीला पुन्हा बोटभर कुंकू लावले.

महिनाअखेरीस मी गिरगावातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, खंड पडला का विचारले. एक दुपारचा डोस संध्याकाळवर गेला, एवढेच सांगितले. कारण त्यांनी विचारले नाही. "बाटली भरून घ्या आणि दिल्लीला जा," ते म्हणाले, एका दमात. काशिनाथला ही बातमी मी जुळणीखात्यात जाऊन दिली. त्याने हातातला खिळा खाली ठेवला आणि विचारले,

"आये इचारील. देव उठला का?"

"नाही," मी म्हणालो. "दिल्लीला बरोबर येतोय."